काचेच्या जुन्या बाटल्या : पारख, मोल आणि साक्ष

विहीर उपसताना किंवा पडक्या घराचा पाया खणताना एखादी हिरवट, जाड काचेची बाटली हाती लागते. भंगारवाला ती किरकोळ भावाने नेतो; जुन्या वस्तूंचा व्यापारी तीच ‘अँटिक’ म्हणून चढ्या किमतीला विकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोघांच्याही शब्दावर विसंबू नये. तथागतांनी ऐकीव गोष्ट पारखल्यावाचून स्वीकारू नका, असे शिकविले. बाटलीलाही तोच नियम लावावा.

प्रथम सांधा पाहावा. साच्यातील बाटलीच्या दोन्ही बाजूंस बारीक उभी रेष असते. ती मानेवरच थांबली, तर तोंड हाताने घडविलेले असण्याची शक्यता असते. ओठाच्या कडेवरून गेली, तर बाटली बहुधा यंत्राची. अमेरिकेतील मायकेल ओवेन्स यांचे स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमाराचे. आपल्या देशात मात्र फुंकून बाटल्या करण्याची रीत त्यानंतरही दीर्घकाळ टिकली. म्हणून एकाच खुणेवरून वय ठरवू नये.

नंतर तळ व रंग. तळाशी खरखरीत व्रण असेल, तर तो लोखंडी दांड्याला बाटली धरून तोंड घडविल्याचा असू शकतो. वाळूतील लोहाने काच हिरवट होते, कोबाल्टने निळी. तपकिरी काच औषधाला उजेडापासून जपते. अंगावर उठावाच्या रेघा असलेली बाटली बहुधा विषारी द्रव्याची; अंधारातही स्पर्शाने धोका कळावा, हा त्यामागील हेतू.

आपल्या परिचयाची बाटली म्हणजे गोटी सोड्याची. इंग्लंडचे हायरम कॉड यांनी १८७२ मध्ये तिचे पेटंट घेतले. आतील वायूच्या दाबाने गोटी मानेतील रबरी कड्यावर घट्ट बसते व झाकणाची गरज उरत नाही. गोटीसाठी मुलांनी अशा बाटल्या फोडल्या. म्हणून अखंड जुनी बाटली दुर्मीळ. परंतु अशा बाटल्या आजही तयार होतात. नुसती गोटी हा प्राचीनत्वाचा पुरावा नव्हे.

उठावाची अक्षरे सर्वांत बोलकी. वऱ्हाडातील कापसाच्या पेठा रेल्वेने दूरच्या बाजारांशी जोडल्या गेल्या. आपले कारंजा ‘शकुंतला’ या अरुंद रुळांच्या मार्गावर होते. त्यामुळे इकडच्या मातीत दूरच्या शहराचे नाव असलेली बाटली मिळाली, तर नवल नाही. लोकांच्या एकेका पैशाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसाफंडाचा काचकारखाना तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये, तर ओगले यांचा कारखाना १९१६ मध्ये निघाला. स्वदेशी काचेचा हा इतिहासही ध्यानात ठेवावा.

किंमत ठरते ती अखंडपणा, दुर्मीळ रंग, स्पष्ट अक्षरे आणि मूळ बूच यांवरून. कपची उडाली की भाव घसरतो. जमिनीत राहून काचेवर चढलेली इंद्रधनुषी झाक खरवडू नये. आत जुने द्रव्य असल्यास हुंगू नये, चाखू तर मुळीच नये. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची कलाकुसरीची वा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते व ती खासगी रीतीने परदेशी पाठविता येत नाही, हेही जाणावे.

येथवर काच बोलते. पुढे ती मुकी होते. बाटली कोणी बनविली हे ती सांगते, तीतून कोणाला पिऊ दिले हे सांगत नाही. बाजारात सोड्याच्या बाटल्या फुटत होत्या त्याच काळात, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना साध्या पाण्याच्या हक्कासाठी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. ज्यांच्या पूर्वजांना लेखणी नाकारली गेली, त्यांचा इतिहास दप्तरात थोडा आणि वस्तूंत व वृद्धांच्या आठवणींत अधिक सापडतो. बाटली ठिकाणाची नोंद न करता विकली, तर दहा-वीस रुपये मिळतात आणि साक्ष कायमची जाते.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, बाटली सापडली की धुण्यापूर्वी वहीत पाच गोष्टी लिहा : ठिकाण, खोली, दिनांक, अक्षरे व सोबत मिळालेल्या वस्तू. मग घरातील आजीला विचारा, “तुमच्या लहानपणी दुकानात तुम्हाला कोणत्या भांड्यातून देत असत?” ते उत्तर तिच्याच शब्दांत उतरवा. बाटलीचे खरे मोल त्या पानावर असेल.