बाबांचा टाटा ४०७ आणि एक टब

टाटा ४०७ हा ट्रक १९८६ साली बाजारात आला. आमच्या बाबांचा ४०७ जुना, कित्येक पावसाळे बेव्हर्ली पार्कात इमारतीच्या मागे उभा. "भंगारवाल्याला देतो," बाबा म्हणाले, तेव्हा मी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुदत मागितली. अनुभव शून्य, आणि गाडीभोवती जागा जेमतेम दोन हात!

पहिली चूक म्हणजे पुढचं सगळं एकदम खोललं. कुठला बोल्ट कुठला, काही कळेना. मग नियम केला: एका वेळी एकच भाग, त्याचे नट-बोल्ट एका डब्यात, डब्यावर चिठ्ठी.

खरा शत्रू गंज. खाडीच्या हवेतलं मीठ ओलाव्यात विरघळलं की ते पाणी विद्युतवाहक होतं आणि लोखंड झपाट्याने गंजतं. उपायही त्याच रसायनशास्त्रात सापडला. प्लास्टिकच्या टबात पाणी, लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा. गंजलेला ब्रॅकेट १२ व्होल्टच्या चार्जरच्या ऋण टोकाला, साध्या लोखंडाची सळई धन टोकाला. दोघांचा स्पर्श नको. उलट जोडलंत तर ब्रॅकेटच झिजेल. स्टेनलेसची सळई वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून काम उघड्यावरच (बिडी ओढणाऱ्या काकांना लांब बसवून). गंज सुटला की धुऊन, वाळवून लगेच प्रायमर. कमानीचे पाटे मात्र टबात नकोत; हायड्रोजन शिरून कडक पोलाद ठिसूळ होतं. ते तारेच्या ब्रशने घासले.

ब्रेकला मी हात लावला नाही. ते नाक्यावरच्या मिस्त्रींनी केले, मी बॅटरी धरून शेजारी बसलो. इंजिन अजून सुरू झालेलं नाही. काल बाबा स्वतःच पाना घेऊन खाली आले.