डिजिटल फोटो फ्रेम : निवड आणि वापर

कोकणातल्या घरात भिंतीवरच्या फोटोंचा वैरी कोण, असे विचारले तर कोणीही पावसाळ्याचेच नाव घेईल. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. भिंतींना ओल येते आणि काचेआडच्या कागदावर बुरशीचे ठिपके उठतात. पालीला आमच्या माजघरात पणजोबांचा एक फोटो आहे. दर पावसाळ्यात त्याचा थोडा थोडा भाग जात गेला आणि आज त्यात पागोटे व एक कान एवढेच ओळखू येते. दुसरी प्रत नाही. गेल्या गणपतीला मुंबईचे काका डिजिटल फोटो फ्रेम घेऊन आले, तेव्हा ही चिंता आता मिटली असे सर्वांनाच वाटले. ती तशी मिटत नाही, हे वर्षभराच्या वापराने शिकवले. म्हणून हा लेख.

फ्रेम म्हणजे एक लहानसा पडदा. मेमरी कार्डावरचे किंवा इंटरनेटवरून आलेले फोटो तो एकामागून एक दाखवतो. आपल्याकडे फोटोची हौस जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नाणावलेले छायाचित्रकार होते. कागदाविना फोटो मात्र अलीकडचा. अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्याच्या चित्रात १०० गुणिले १००, म्हणजे अवघे दहा हजार ठिपके होते.

ठिपक्यांचा हा हिशेब फ्रेम विकत घेतानाही करावा लागतो. १२८० गुणिले ८०० ठिपक्यांच्या पडद्यावर दहा लाखांहून थोडे अधिक ठिपके बसतात. पडदा दहा इंची असेल तर एका इंचात सुमारे दीडशे येतात, आणि हाताच्या अंतरावरून चित्र स्वच्छ दिसते. त्याच आकाराच्या स्वस्त पडद्यावर ८०० गुणिले ४८० ठिपके असले, तर इंचाला नव्वदच्या आसपास पडतात आणि चेहरे खरखरीत दिसू लागतात. दुकानदार इंच सांगतो. आपण ठिपके विचारावेत.

दुसरी गोष्ट पडद्याच्या आकाराची. फोनचा फोटो सहसा चारास तीन या प्रमाणात असतो, फ्रेम बहुधा सोळास दहा किंवा सोळास नऊ. पडदा भरून काढण्याची सोय चालू ठेवली, तर सोळास दहाच्या फ्रेमवर आडव्या फोटोच्या उंचीचा सहावा हिस्सा कापला जातो. आमच्याकडे आत्याच्या लग्नातला समूहफोटो पहिल्यांदा लावला तेव्हा मागच्या रांगेतल्या पुरुषांची डोकी आणि पुढे जाजमावर बसलेली पोरे दोन्ही गेली. आजी म्हणाली, "अरे, माणसं कुठं ठेवलीस?" तेव्हा पूर्ण फोटो दाखवण्याचीच सोय निवडावी. कडेला काळ्या पट्ट्या राहतात, त्या राहू द्याव्यात.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही. स्वस्त पडदा समोरून उत्तम दिसतो, पण खालून पाहिले की काळवंडतो. आमच्या घरात माणसे जमिनीवर किंवा झोपाळ्यावर बसतात, टेबलाशी नव्हे. म्हणून दुकानात लाज न बाळगता वाकून, बसून, बाजूने पाहून घ्यावे. आयपीएस जातीच्या पडद्याला हा दोष फारसा नसतो.

इंटरनेटची फ्रेम घ्यावी की कार्डाची? मुंबईच्या किंवा आखातातल्या मुलाने सकाळी काढलेला फोटो दुपारी आईला घरी दिसावा, ही इंटरनेटच्या फ्रेमची गोडी मान्य केलीच पाहिजे. पण ती फ्रेम पुष्कळदा कंपनीच्या सेवेवर जगते, आणि सेवेच्या अटी बदलतात. गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून थांबली, हे उदाहरण पुरे आहे. माझे मत असे, की इंटरनेट असले तरी कार्डाची खाच हवीच. कार्ड ३२ जीबीपर्यंतचे असले तर बहुतेक फ्रेमना चालते. फोटो जेपेग प्रकारात असावेत. आयफोन २०१७ पासून एचईआयसी हा निराळा प्रकारही वापरतो, आणि तो पुष्कळ फ्रेमना वाचता येत नाही. काकांचे निम्मे फोटो आम्हांला याच कारणाने दिसेनात. आम्ही मात्र दोन दिवस कार्डाला दोष देत होतो.

विजेचे बिल हा भीतीचा विषय नाही. सहा वॉटची फ्रेम रोज बारा तास चालली तर महिन्याला दोन युनिटांच्या थोडे वर जाते. विजांचा कडकडाट सुरू झाला की मात्र प्लग काढून ठेवावा. दर पाच सेकंदांनी फोटो बदलणारी फ्रेम वृद्धांना छळते, म्हणून एका फोटोला निदान अर्धा मिनिट द्यावा.

आता मूळ चिंतेकडे येतो. फ्रेम फोटो दाखवते, राखत नाही. जुन्या फोटोची प्रत स्कॅनरवर इंचाला सहाशे ठिपक्यांनी काढावी आणि ती दोन निरनिराळ्या ठिकाणी, शक्यतो एक गावी व एक मुंबईस, ठेवावी. फ्रेममध्ये तिची लहान नक्कल घालावी. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. उजेडात, फ्लॅशशिवाय, काचेवरूनच टिपावा.

आणि नावे लिहावीत. आम्ही प्रत्येक जुन्या फोटोखाली पांढरी पट्टी जोडून तीत नावे घालायला घेतली. आजी झोपाळ्यावर बसून सांगे, मी फोनवर लिहून घेई. "हा बाळू नव्हे रे, त्याचा थोरला भाऊ. तापात गेला." लग्नाच्या त्या फोटोत तेवीस माणसे आहेत. चार बैठकांत बावीस नावे झाली. उजव्या टोकाला, खांबाला टेकून एक बाई उभी आहे, कडेवर मूल. आजीने चष्मा पुसला, फ्रेम मांडीवर घेतली आणि बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "तोंड ओळखीचं आहे. आत्याला विचार." आत्याला फोटो पाठवला. तिलाही सांगता आले नाही. त्या पट्टीत तेवढी जागा कोरी ठेवली आहे.