कड्याखालची वाट



नवी मुंबईतील नेरूळजवळचे सारसोळे हे कोळ्यांचे जुने गाव. तेथील जेटी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. सकाळी गेलात तर खाडीत पाणी कमी, चिखल फार. होड्या चिखलात टेकून कलंडलेल्या दिसतात. पाच-सहा तासांनी पुन्हा गेलात तर चिखल नाहीसा झालेला असतो आणि त्याच होड्या पाण्यावर डुलत असतात. खाडीत आलेले हे पाणी समुद्राचे असते. ते दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. चढण्याला भरती म्हणतात आणि उतरण्याला ओहोटी. उर्दूत तुम्ही यालाच मद्द-ओ-जज़्र म्हणता. मौलाना हाली यांचे १८७९ साली प्रसिद्ध झालेले 'मुसद्दस' तुम्हाला माहीत आहे. त्याच्या पूर्ण नावात हाच शब्द आहे.

सारसोळ्याला समुद्र शांत असतो. खाडीत लाटा फारशा येत नाहीत, काठावर तिवरांची झाडे उभी असतात. पण जेथे हाच समुद्र उघड्या खडकावर आदळतो, तेथे तो काय करतो? हे पाहण्यासाठी आपण आज हरिहरेश्वरला जाऊ.

हरिहरेश्वर हे रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात आहे. पनवेलहून पेण, माणगाव, म्हसळा असा रस्ता जातो. येथे सावित्री नदी समुद्राला मिळते. नदीच्या पलीकडे रत्नागिरी जिल्हा सुरू होतो व बाणकोटचा किल्ला दिसतो. हरिहरेश्वर हे हिंदूंचे मोठे तीर्थक्षेत्र आहे. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या बाजूला कोकणी मुसलमानांचीही जुनी वस्ती आहे. त्यांच्यातील कित्येक घरांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर नोकरी करीत आली. या किनाऱ्यावर राहणारा माणूस कोणत्याही धर्माचा असो, त्याला पाण्याची वेळ ओळखावीच लागते.

देवळामागून एक वाट डोंगरावर चढते. थोडे चालल्यावर दोन उंच खडकांमधील अरुंद फटीत आपण येतो. तेथे पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना काळ्या भिंती आणि समोर, खाली, निळ्या पाण्याची एक पट्टी! पायऱ्या उतरताना लाटांचा आवाज वाढत जातो. शेवटची पायरी उतरली की एकदम मोकळे आकाश दिसते. एका हाताला सरळ उभा कडा, दुसऱ्या हाताला अरबी समुद्र आणि पायाखाली खडकाचा रुंद, सपाट ओटा. याच ओट्यावरून भाविक डोंगराला प्रदक्षिणा घालतात. आपण येथे पाहुणे आहोत, म्हणून आपणही अदबीने, गोंगाट न करता चालावे.

आता कड्याकडे नीट पाहा. खडकाच्या भिंतीवर शेकडो लहान-लहान खळगे आहेत. जणू कोणी मधमाश्यांचे पोळेच दगडात कोरले आहे! हे कोणा कारागिराचे काम नाही. लाटांचे तुषार खडकावर उडतात. पाणी सुकते, पण त्यातील मीठ खडकाच्या बारीक छिद्रांत राहते. त्या मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून दाब देऊन खडकाचे कण सुटे करतात. असे वर्षानुवर्षे चालले की खळगे पडतात. पायाखालच्या ओट्यातही गोल खड्डे दिसतात. त्यांना रांजणखळगे म्हणतात. खड्ड्यात अडकलेले दगडगोटे पाण्याबरोबर गरगर फिरतात व खड्डा खोल करतात. ओहोटीच्या वेळी अशा खड्ड्यांत पाणी साचलेले असते. थोडा वेळ थांबून पाहिलेत तर त्यात एखादा खेकडा किंवा छोटा मासा दिसेल.

मग हा ओटा कोणी बांधला? त्याचे उत्तर कड्याच्या पायथ्याशी आहे. महाराष्ट्राचा बराचसा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन तयार झाला. त्याला बेसाल्ट म्हणतात. तो कठीण असतो, पण त्यात भेगा असतात. लाट आदळली की भेगेतील हवा दाबली जाते. लाट मागे गेली की ती एकदम मोकळी होते. या धक्क्यांनी भेग रुंदावते. लाटेबरोबर येणारे दगड हातोड्यासारखे पायथ्यावर आपटतात. पायथा आत-आत कोरला जातो आणि वरचा खडक आधाराशिवाय लोंबत राहतो. एक दिवस तो कोसळतो. कडा मागे सरकतो आणि त्याच्या जागी खडकाचा सपाट तळ उरतो. भूगोलात कड्याला समुद्रकडा म्हणतात आणि या तळाला तरंगघर्षित मंच. म्हणजे आपण ज्या वाटेवर चालतो, तेथे एके काळी डोंगर होता. समुद्राने तो खाल्ला, तेव्हा ही वाट झाली.

पण ही वाट समुद्राने माणसाला कायमची दिलेली नाही. दिवसातून दोनदा तो ती परत घेतो! भरतीच्या वेळी लाटा थेट कड्यावर आदळतात. तेव्हा ओट्यावर असलेल्या माणसाच्या मागे उभा कडा असतो आणि पुढे पाणी. पळायला जागा नसते. येथे माणसे वाहून गेली आहेत. त्यांतील काही जण चांगले पोहणारेही असतील. पण लाट माणसाला खडकावर आपटते, तेव्हा पोहणे कामाला येत नाही. म्हणून येथे येण्याआधी पाण्याची वेळ काढायला शिका.

पाणी मुख्यतः चंद्राच्या ओढीने चढते. आज भरती ज्या वेळी आली, त्याच्या सुमारे ५० मिनिटे उशिरा ती उद्या येते. आपल्या किनाऱ्यावरचे लोक एक सोपा हिशेब करतात. तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची साधारण वेळ मिळते. समजा, आज चतुर्थी आहे. चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी व रात्री तीनच्या सुमारास पूर्ण भरती. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. म्हणजे सकाळी व रात्री नऊच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजतात.

तुमच्या घरी हिजरी कॅलेंडर असेल, तर तेही उपयोगी पडते, कारण तेही चंद्रावर चालते. चाँद दिसल्यावर हिजरी महिना सुरू होतो. तोवर तिथी एक-दोन दिवस पुढे गेलेली असते. म्हणून हिजरी तारखेत एक किंवा दोन मिळवले की तिथी जवळपास कळते. चौदहवीच्या चाँदचा सुमार म्हणजेच पौर्णिमा. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकत्र येते. तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढते व कमी उतरते. याला भांगाची भरती म्हणतात. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते. दक्षिणेकडे जावे तसा हा चढ-उतार कमी होत जातो.

आता तुम्हीच सांगा, कड्याखाली कोणत्या दिवशी जावे? पौर्णिमेला पाणी दूर जाते खरे, पण पूर्ण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी असते. तेव्हा उजेड कमी असतो. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, पण पाणी पुरेसे दूर जात नाही. चतुर्थी-पंचमीला ओहोटी सकाळी नऊ-दहाला येते. उजेड असतो व पाणीही बरेच मागे गेलेले असते. ओहोटी पूर्ण होण्याआधी तासभर उतरावे आणि पाणी वळताच परत फिरावे.

हा हिशेब अंदाजाचा आहे, हे मात्र विसरू नका. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे वेळापत्रक प्रसिद्ध करतो. ते पाहावे आणि शेवटी गावातील माणसाला विचारावे. तो "आज नको" म्हणाला, तर आपला हिशेब बाजूला ठेवावा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. तेव्हा ओहोटी असली तरी खाली उतरू नये. शेवाळ असलेल्या खडकावर पाय देऊ नये, समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नये आणि कड्याच्या अगदी खाली बसू नये.

समुद्रकडे जगात अनेक ठिकाणी आहेत. आयर्लंडमधील मोहरचे कडे दोनशे मीटरहून उंच आहेत. इंग्लंडमधील डोव्हरचे कडे खडूसारख्या पांढऱ्या दगडाचे आहेत. आपल्या रत्नागिरीलाही तीन बाजूंनी समुद्र असलेल्या उंच टोकावर रत्नदुर्ग किल्ला उभा आहे. वेळ मिळेल तेव्हा यांतील जवळचे तरी पाहा. पण कोठेही गेलात तरी आधी पाण्याची वेळ विचारा. समुद्राला घाबरून घरी बसणे हे शहाणपण नव्हे, आणि त्याला न विचारता त्याच्या वाटेवर जाणे हे धाडस नव्हे. जो त्याची वेळ ओळखतो, त्यालाच तो आपली कारागिरी निवांतपणे पाहू देतो.

शब्दार्थ

कडा – डोंगराची सरळ उभी बाजू
किनारा – काठ, साहिल
ओटा – सपाट उंच जागा, चबुतरा
तुषार – पाण्याचे बारीक थेंब
भेग – फट, दरार
तिथी – चांद्र महिन्यातील दिवस
पाऊणपट – चार भागांपैकी तीन भाग
अदबीने – आदराने
खवळणे – चिडणे, उसळणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हरिहरेश्वर कोणत्या तालुक्यात आहे?
(आ) रांजणखळगे कसे तयार होतात?
(इ) उधाण कधी येते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) खडकावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खळगे पडतात.
(आ) भरतीच्या वेळी कड्याखाली थांबणे धोक्याचे असते.

प्र. ३. षष्ठीच्या दिवशी भरती व ओहोटी साधारण किती वाजता येईल? हिशेब करून लिहा.

प्र. ४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
भरती, शांत, अरुंद, कठीण, उजेड

प्र. ५. 'समुद्राने तो खाल्ला, तेव्हा ही वाट झाली' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत पाच-सहा ओळींत लिहा.

उपक्रम : घरातील मोठ्या माणसांबरोबर जवळच्या खाडीवर किंवा किनाऱ्यावर जा. सलग तीन दिवस भरतीची वेळ लिहून ठेवा. रोज किती मिनिटांचा फरक पडतो ते वर्गात सांगा.