कोळशातील रंध्रे आणि विजेचा साठा

नारळाच्या करवंटीचा कोळसा हलका, काळा व ठिसूळ असतो. याहून अधिक काही त्यात दिसत नाही. परंतु वाफेच्या सान्निध्यात तीव्र उष्णता देऊन तो सक्रिय केला, म्हणजे त्याच्या अंतरंगात असंख्य सूक्ष्म रंध्रे निर्माण होतात. या रंध्रांच्या भिंती उलगडून पसरता आल्या, तर एका ग्रॅम कोळशापासून सुमारे १,५०० चौरस मीटर पृष्ठभाग मिळेल.

विजेच्या साठ्याशी या पृष्ठभागाचा संबंध काय? विद्युत् भारित पृष्ठभाग द्रावणात असला, की त्याच्यासमोर विरुद्ध भाराचे आयन थर धरून राहतात, ही कल्पना हेल्महोल्ट्स यांनी १८५३ साली मांडली. या दोन थरांमधील अंतर नॅनोमीटरहून, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाहूनही, कमी असते. अंतर जितके लहान आणि पृष्ठभाग जितका मोठा, तितकी धारिता अधिक. १९५७ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बेकर यांनी सच्छिद्र कोळशाच्या विद्युत् अग्रांचे एकस्व मिळविले. ऊर्जा साठताना नेमके काय घडते हे निश्चितपणे ठाऊक नाही, अशी कबुली त्यात दिलेली आहे. एकस्वाच्या कागदात असा प्रांजळपणा विरळाच! त्यातूनच पुढे महाधारित्रे विकसित झाली. त्यांत रासायनिक बदल मुळीच होत नाही, आयन केवळ ये-जा करतात; म्हणून ती काही सेकंदांत भारित होतात व लाखो आवर्तने टिकतात. मात्र वजनाच्या मानाने त्यांतील ऊर्जा लिथियम-आयन घटाच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपासच भरते.

ही उणीव भरून काढावी कशी? दर चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोफॅरड धरले, तर वरील कोळशाच्या एका ग्रॅमपासून १५० फॅरड मिळावयास हवेत. कार्बनी द्रावकात प्रत्यक्षात मिळतात ते १०० च्या जवळपास. याचे कारण असे दिले जाई, की आयनाभोवती द्रावकाच्या रेणूंचे वेष्टण असते आणि त्या वेष्टणासह तो अतिसूक्ष्म रंध्रांत शिरूच शकत नाही. तेव्हा एक नॅनोमीटरहून लहान रंध्रे निरुपयोगी होत.

२००६ साली हे मत डळमळले. फिलाडेल्फिया येथील गोगोत्सी व तुलूझ येथील सिमाँ यांच्या सहकाऱ्यांनी टायटॅनियम कार्बाइडवर तप्त क्लोरीन वायूची क्रिया केली. टायटॅनियम निघून गेले, कार्बन मागे उरला. तापमान बदलले की रंध्रांचा आकारही बदले. रंध्रे लहान होत गेली तशी, दर चौरस सेंटिमीटरला मोजलेली धारिता आधी अपेक्षेप्रमाणे घटली. परंतु एक नॅनोमीटरच्या खाली ती एकाएकी वाढू लागली. अरुंद दारातून आत शिरताना माणसाने अंगावरची घोंगडी उतरवावी, तसे आयन आपले वेष्टण टाकून भिंतीच्या अधिक निकट जातात, असा अर्थ संशोधकांनी लावला.

त्यानंतर लहान रंध्रांचा पाठलाग सुरू झाला. तथापि २०२४ साली केंब्रिज येथील फोर्स, ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारातील अनेक सच्छिद्र कार्बन एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा रंध्रांचा आकार व धारिता यांत मेळ आढळला नाही. मेळ आढळला तो कार्बनच्या अव्यवस्थित रचनेशी: ज्याच्यातील सुव्यवस्थित पापुद्रे लहान, त्याची धारिता अधिक.