एक ‘अजून’, इंग्रजीत तीन शब्द

परदेशी पार्टीशी पत्रव्यवहार इंग्रजीत करावा लागतो. त्यात मालाचे नाव, भाव, मीटर हे सहसा बरोबर असते. घोटाळा होतो तो वेळ दाखवणाऱ्या शब्दांत, आणि त्यापायी पैसे अडकतात.

मूळ अडचण आपल्या ‘अजून’ची आहे. हा एकच शब्द तीन कामे करतो.

1) माल अजून प्रोसेस हाऊसमध्येच आहे. स्थिती चालू आहे, म्हणून ‘स्टिल’.

2) माल अजून निघालेला नाही. व्हायचे ते झाले नाही, पण होणार आहे, म्हणून ‘नॉट येट’.

3) अजून दहा गाठी पाठवा. येथे वेळेचा संबंधच नाही, म्हणून ‘टेन मोर बेल्स’.

उर्दूतला ‘अभी तक’ही पहिली दोन्ही कामे करतो. त्यामुळे उर्दू माध्यमात शिकलेल्यांचीही हीच अडचण होते.

उधारी मागताना तर जास्त जपावे. ‘यू हॅव नॉट पेड येट’ ही साधी आठवण झाली. ‘यू स्टिल हॅव नॉट पेड’ यात नाराजी आहे. पैसे दोन्हीकडे तेवढेच बाकी, पण जुन्या गिऱ्हाईकाला पहिल्याच पत्रात दुसरे वाक्य लिहू नये.

‘ऑलरेडी’ म्हणजे काम आधीच होऊन गेले. बोलताना आपण तो कुठेही घालतो. पत्रात ‘ऑलरेडी डिस्पॅच्ड’ लिहिले की माल निघाला असे समोरचा धरून चालतो. बिल्टी हातात असेल तेव्हाच हा शब्द लिहावा.

‘लेट’ म्हणजे उशिरा आणि ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘पेमेंट उशिरा आले’ असे सांगायचे असताना ‘लेटली’ लिहिले, तर तक्रार नाहीशी होते आणि पेमेंट अलीकडे मिळाल्याची कबुली तेवढी उरते.

एलसीवर धंदा करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे ‘यूसीपी 600’ हे नियम 1 जुलै 2007 पासून अमलात आहेत. हे नियम एलसीला लागू असतील तर ‘प्रॉम्प्ट’, ‘इमिजिएटली’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’ अशा शब्दांकडे बँक मुदत म्हणून पाहत नाही. शिपमेंटसाठी ‘टिल 20 मे’ लिहिले असेल तर 20 तारीख धरली जाते. ‘बिफोर 20 मे’ असेल तर 19 लाच शेवट. ‘ऑन ऑर अबाउट’ लिहिले तर त्या तारखेच्या आधीचे पाच आणि नंतरचे पाच दिवस चालतात.

तेव्हा व्यापारी बंधूंनी पत्र लिहिताना ‘अजून’ मनात आला की स्वतःला विचारावे : काम चालू आहे, व्हायचे आहे, की माल जास्त हवा आहे? उत्तर मिळाले की शब्द आपोआप सापडतो. आणि मुदतीचा प्रश्न असेल तेथे शब्दावर विसंबू नये, सरळ तारीख घालावी.