वाळले लाकूड आणि हातातली घागर

भाविकहो, श्रीगुरुचरित्राचा चाळिसावा अध्याय आपण सप्ताहात दरवर्षी वाचतो. कुष्ठाने त्रासलेला नरहरी ब्राह्मण गाणगापुरास श्रीनृसिंहसरस्वतींना शरण जातो. तेवढ्यात कोणी जळणासाठी औदुंबराचे सुके लाकूड घेऊन येतो. श्रीगुरू सांगतात, हे संगमावर रोव, पाणी घाल. याला पालवी फुटेल तेव्हा तू शुद्ध होशील. लोक हसतात. नरहरी पाणी घालतच राहतो. शेवटी श्रीगुरू स्वतः येऊन कमंडलूतले तीर्थ शिंपडतात. लाकूड पालवते, काया निर्मळ होते.

आता असे समजा, शिल्पकला शिकणाऱ्या मुलाला हीच कथा लाकडात कोरायला दिली. तो कोणता क्षण घेईल? आपण चटकन म्हणू, पालवीचा!

पण लाकडाचा स्वभाव बघा. आपल्या पेणचा मूर्तिकार शाडू ओली असेतो कमी पडले तिथे लिंपतो, जास्त झाले ते खरवडतो. लाकडात तसे नाही. साग घ्या की शिवण, पटाशीने उडालेली ढलपी परत बसत नाही. म्हणून काय ठेवायचे, हे आधी ठरवावे लागते.

गणपतराव म्हात्रे यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असताना, १८९६ च्या सुमारास, ‘मंदिरपथगामिनी’ हा पुतळा केला. तो प्लॅस्टरचा, पण धडा तोच. पूजेला निघालेली तरुणी आहे. देऊळ नाही, देव नाही. तरी देव कुठे आहे ते कळते, कारण पावले तिकडे वळलेली आहेत.

आपल्या कथेतही पालवी वगळली तर उरतो वाकलेला नरहरी, हातातली घागर आणि सालीसकट ठेवलेले कोरडे लाकूड. शिकणाऱ्याने हेच कोरावे. पालवी श्रीगुरूंच्या हातची. पाणी तेवढे आपल्या हातचे.

घरात दुखणे लांबते, पारायणे होतात, गुण दिसत नाही. शेजारीपाजारी विचारतात, “काय उपयोग झाला हो?” तेव्हा मन कच्चे होते. औषध चालू ठेवावे, सेवाही चालू ठेवावी. नरहरीलाही पहिल्या दिवशी अंकुर दिसला नव्हता.

या दत्तजयंतीला चाळिसावा अध्याय वाचताना पालवीच्या आधी क्षणभर थांबा. आपली घागर भरलेली आहे ना, एवढे पाहा.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥