वैद्याचे दोन धनी

वैद्यास दोन धनी असतात. एक रोगी व दुसरा समाज. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांतील रोगी तपासून डॉ. आकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचें निदान केलें, व म्युनिसिपालिटीचे सभासद या नात्यानें तें उघड बोलून दाखविलें. प्लेग म्हटला कीं बंदराचा व्यापार अडावयाचा. तेव्हां नांव न घेणेंच पुष्कळांच्या सोयीचें होतें. परंतु दाटीच्या वस्तींत रोग शिरला असतां वैद्यानें मौन कसें पत्करावें? पुढें सरकारी सेवेंतील शास्त्रज्ञ हाफकिन यांनीं जानेवारी १८९७ मध्यें मुंबईंत आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगांत राजीखुषीनें पुढें आलेल्या कैद्यांस दिली. त्यांचें धैर्य आम्हांस वंद्य आहे; कैद्याची राजीखुषी कितपत मोकळी असते, हा प्रश्न मात्र आम्हांस सुटत नाहीं.